पन्नासच्या वर

"पी गं माझे बाई, तळ वाडग्याचा दिसू दे,
तुझ्या पावलाचा ठसा वाळूत खोल बसू दे."

हा आवाज माझ्या आईचा, मनैनाचा. मी तेव्हा सात वर्षांची. तंबूच्या सावलीत मांडी घालून बसलेली, समोर लाकडी वाडगा, वाडग्यात उंटिणीचं दूध, आणि दूध एवढं की वाकले तर त्यात माझं तोंड बुडावं. आई ओळ म्हणायची आणि थांबायची. ती थांबली की आम्ही प्यायचं. आम्ही म्हणजे मी आणि आणखी चार पोरी, लांबलांबच्या तळांवरून आणून सोडलेल्या. पावसानंतर चारा वाढला, उंटिणींच्या कासा भरल्या, की बाया आपापल्या काटकुळ्या पोरी आईच्या तंबूत आणून घालायच्या आणि थंडी पडायच्या सुमाराला गोल, चकचकीत करून परत न्यायच्या. आई पोरी भरायची. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मनैनाकडे राहून आलेली पोरगी म्हटलं की मुलाकडचे आणखी काही विचारत नसत.

जी प्यायची नाही तिच्या पायाची बोटं आई दोन काठ्यांच्या चिमट्यात धरून दाबायची. ओरडायला तोंड उघडलं की दूध आत. जिनं ओकलं तिनं तेवढंच पुन्हा प्यायचं. मी पोटची म्हणून मला सूट नव्हती. "परक्याच्या पोरी भरल्या आणि घरची वाळली, असं ऐकायचंय का मला?" म्हणायची, आणि माझी बोटं जरा जास्तच दाबायची.

त्या आवाजाचा मला राग होता. चाळीस वर्षं होता. गेल्या हिवाळ्यापासून मात्र मी तोच आवाज काढायला बघते आहे, आणि तो मला येत नाही.

आता आम्ही राजधानीत, नुआकशोटला राहतो, अराफातच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढं अंगण. अंगणात तंबू ठोकलाय, कारण आईला छताखाली गुदमरतं. मी शाळेत शिकवते. नवऱ्याशी जमलं नाही, तेव्हा सोडचिठ्ठी घेतली आणि आईकडे आले, ती म्हणाली, "बरं झालं, दूध प्यायला कुणीतरी आलं." तेव्हा ती एवढी होती की टॅक्सीत मागचं सगळं बाक तिचं. चालायची तर अंगणातल्या वाळूत खड्डे पडायचे. हातात सदा ती धातूची छोटी चिलमीची नळी, आणि कमरेला तंबाखूची चामड्याची पिशवी.

मग खोकला आला. तो गेलाच नाही. मग पाठ दुखायला लागली, आणि अंगाभोवती गुंडाळलेला मलहफा पुन्हा पुन्हा आवळावा लागला. पहिल्यांदा मला वाटलं कापडच सैल विणलंय.

मोठ्या इस्पितळात डॉक्टर राकी म्हणून आहे. तरुण बाई, बोलते मऊ. तिनं एक्स-रे उजेडासमोर धरला, उजव्या फुप्फुसातला पांढरा गोळा दाखवला आणि म्हणाली, "हा कापता येणार नाही, आई. शिरेतून औषध देऊ. दर तीन आठवड्यांनी एकदा, असं सहा वेळा."

"सहा वेळा दिलं की बरी होईन?" आईनं विचारलं.

"आखडेल हा. किती, ते आत्ता नाही सांगता येत."

"आणि नाही दिलं तर?"

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "तिच्याकडे काय बघतेस पोरी, गोळा माझ्यात आहे."

नंतर दारापाशी डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. "औषधाची मात्रा वजनावरून ठरते," ती म्हणाली. "आणि वजनच आम्हाला सांगतं की अंगाला ते सोसतंय की नाही. यांचं आज पंचावन्न आहे. पन्नासच्या खाली गेलं तर मला थांबावं लागेल." त्यापुढंही ती बोलत होती. नाकातून नळी घालून अन्न देता येतं, थांबून अंगात थोडी ताकद आली की पुन्हा सुरू करता येतं, असं काहीतरी. मी ऐकलं नाही. माझ्या कानात एकच गोष्ट राहिली होती: पन्नासच्या खाली गेलं की थांबेल. आणि थांबलं की ती जाईल.

पहिलं सलाईन लागलं त्या संध्याकाळी आईनं चहाचा पहिला पेला तोंडाला लावला आणि ठेवून दिला.

"गंजलाय," म्हणाली.

"काय गंजलाय?"

"चहा. नाहीतर माझी जीभ. लोखंड चाटल्यासारखं लागतंय."

तिथून सगळंच गंजलं. मांसाचा वास आला की ती तंबूच्या मागच्या बाजूला तोंड करून पडायची. मी वाळवलेलं मांस कुटून चरबीत कालवलं, जे ती एके काळी मूठमूठ खायची. तिनं दोन बोटांनी चिमूटभर उचललं, जिभेवर ठेवलं, आणि माझी नजर चुकवून मलहफ्याच्या पदरात थुंकलं. रव्याचा कुसकुस घशाला वाळूसारखा टोचायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, थोडं थोडं द्या, तासातासाला; थंड द्या, वासाचं नको; अंडं द्या, शेंगदाणे वाटून द्या; दूध द्या पण उकळून, कच्चं बिलकूल नको, रक्तातल्या पेशी कमी असताना त्यातनं ताप येतो.

"उकळलेलं?" आई म्हणाली. "ते मेलेलं दूध. मेलेलं दूध पाजून मी एक तरी पोरगी भरली का?"

"आई, घोटभर."

"चिमणीला भरवतेस की मला?"

मी घड्याळ लावून तासातासाला चमचा घेऊन जायची. पाचव्या चमच्याला ती हात वर करायची. त्या हाताचं मनगट मला दिसायचं, आणि मी चमचा परत न्यायची. मला ओरडता यायचं नाही. तिला जमायचं ते मला जमत नव्हतं.

माणसं भेटायला यायची. आमच्यात आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कुणी येत नाही. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका घेऊन येतात, दोन-दोन किलोचा, चहासाठी. कोपऱ्यात सुळक्यांची रांग लागली. साखर घरात वाढत होती आणि आई कमी होत होती.

एक दिवस सल्का आली. सल्का त्या चार पोरींपैकी एक. आता बाजारात मलहफे विकते, आणि दारातून आत यायला तिला अंग तिरकं करावं लागतं. "मावशी!" बाहेरूनच ओरडली. "तुमच्या हातचं दूध अजून माझ्या कमरेवर बसलंय, उठायचं नाव घेत नाही!"

"मग थोडं कापून दे इकडे," आई म्हणाली. सल्का येणार कळल्यापासून तिनं अंगावर तीन मलहफे गुंडाळून घेतले होते, एकावर एक, आणि मांडीखाली उशी.

सल्का हसत हसत बसली, आईचा हात हातात घेतला, आणि तिचं हसू जागीच राहिलं. मग तिनं घाईघाईनं जुनं काहीतरी काढलं, तळावरच्या बाया आईवर रचून म्हणायच्या ते:

"वारा आला, तंबू हलला, दोर कुणी धरला?
मनैनाच्या मांडीखाली खुंटाच पुरला!"

मी हसले. आईही हसली, मग खोकला आला आणि तो थांबेना. सल्कानं तिची पाठ धरली. त्या पाठीला हात लागल्यावर सल्काला काय कळलं ते मी तिच्या तोंडावर पाहिलं. जाताना दारात ती मला म्हणाली, "टेकबेर, कसं गं झालं हे? खायला घालत नाहीस का?"

"घालते."

"मग जातं कुठं?"

तिच्या बोलण्यात डंख नव्हता. पण मी रात्रीचं जेवले नाही.

दुसऱ्या सलाईनच्या आदल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून वजनाचा काटा मागून आणला. आईला उभं केलं. तिला आकडे वाचता येत नाहीत. तिनं खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती?"

साडेअठ्ठेचाळीस होते.

"पन्नासला अर्धा कमी," मी म्हणाले.

आई काट्यावरून उतरली. तोंड उतरलं होतं. "पन्नासची," म्हणाली. "मी ज्या पोरी परत पाठवायची ना, भरल्या नाहीत म्हणून, त्या असायच्या पन्नासच्या." मग थोडा वेळ नखानं चटई खरवडत बसली. "माझे वाळे काढ पेटीतून."

"कशाला?"

"चांदीचे आहेत. जड आहेत. तुझ्या आजीनं मला लग्नात घातले होते, चालताच येत नव्हतं. कापडात गुंडाळ म्हणजे वाजायचे नाहीत. अर्ध्या किलोसाठी मी त्या पोरीसमोर मान खाली घालणार नाही."

आई लाजेपोटी म्हणाली आणि मी भीतीपोटी ऐकलं. वाळ्यांचा जोड जेमतेम पाऊण किलोचा. तेवढ्यानं भागणार नव्हतं, हे मलाच ठाऊक होतं. मी कोपऱ्यातला साखरेचा एक सुळका उचलला, जुन्या मलहफ्याच्या पट्टीत घालून आईच्या कमरेला आवळला.

"हे गं आणखी कशाला?" आई म्हणाली.

"त्यांचा काटा कमी दाखवतो."

"हो का? चोर मेले." तिला ते पटलं. दुकानदाराचे काटे तिनं जन्मभर पाहिलेत.

इस्पितळात वजन करायला यर्बा असतो. भला माणूस. बाईमाणूस काट्यावर उभं राहिलं की तो नजर खाली घालतो आणि फक्त आकडा बघतो. मलहफ्याला हात लावणं सोडाच, सैल करा म्हणायलाही त्याची जीभ रेटत नाही. आई माझ्या खांद्याला धरून, पाय घासत काट्यावर चढली. साखरेचा सुळका पोटाशी उभा, जणू सातव्या महिन्यातली बाई.

"एक्कावन्न आणि वर थोडं," यर्बानं लिहिलं. "अल्हम्दुलिल्लाह, आजी, तब्येत राखलीत."

"लेक पाजते," आई म्हणाली.

डॉक्टर राकीनं कागद पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "वजन तसं टिकलंय. छान. मग मी मात्रा कमी करत नाही. पूर्ण देऊ."

तेव्हा मी बोलू शकले असते. माझ्या तोंडात शब्द होता. पण "पूर्ण देऊ" हे मला इतकं गोड लागलं की मी तो शब्द गिळला. मला वाटलं, जास्त औषध म्हणजे जास्त आई.

दुसऱ्या सलाईननंतर तिच्या तोंडात फोड आले. ओठांच्या आतून, जिभेच्या कडेनं, पांढरे. पाणी पितानाही ती डोळे मिटून घ्यायची. ओकाऱ्या तर अशा की पोटात काही नसतानाही शरीर वाकून वाकून रिकामं होत राहायचं. मी वाटलेले शेंगदाणे, अंडं, थंड पेज, एकामागून एक पुढं केलं. शेजारच्या बायका सांगायच्या ते सगळं केलं. एकीनं बाभळीचा डिंक सांगितला, एकीनं खजुराचं पाणी. आई सगळ्यांना "हो हो" म्हणायची, आणि त्या गेल्या की वाटी माझ्याकडे सरकवायची.

"तू खा," म्हणायची. "तुझी पण गालफडं बसलीत. आरशात बघ, तू माझी पोरगी वाटत नाहीस."

तिसऱ्या वेळेला काट्यानं साडेपंचेचाळीस दाखवले. मी आईला म्हणाले, अठ्ठेचाळीस. त्या दिवशी दोन सुळके बांधले, एक पुढं आणि एक मागं, आणि वाळे. ती उभी राहीना. मी आणि टॅक्सीवाल्यानं दोन्ही बाजूंनी धरून तिला आत नेलं. काट्यावर ती पानासारखी हलत होती, आणि काटाही तिच्याबरोबर हलत होता. यर्बा थांबला, थांबला, मग लिहिलं: साडेपन्नास.

डॉक्टर राकी या वेळी कागद पाहून उठली. आईच्या पलंगाशी आली, मलहफ्यातून बाहेर आलेला हात उचलून पाहिला.

"हात फार बारीक झालेत," ती म्हणाली. "टेकबेर बाई, घरी खातायत ना?"

"खातायत," मी म्हणाले. "हाताला पहिल्यापासूनच बारीक आहे ती. सगळं खाली आहे."

आई पडल्या पडल्या हसली. डॉक्टरही हसली, बिचारी. कागदावर तिनं पूर्ण मात्रा लिहिली. सलाईनचं थेंबथेंब पडणं मी चार तास बघत बसले, आणि प्रत्येक थेंबाला मनात म्हणत होते, सोस, आई, एवढं सोस. हे सोसायला तिच्यात काय उरलं होतं ते त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं.

त्यानंतरचे आठ दिवस मला सलग आठवत नाहीत. काट्यावर मी तिला उचलून उभी करायची. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. मी सांगायची, "आहे, आहे, पन्नासच्या आसपास आहे." ती म्हणायची, "बरं." चौथ्या सलाईनला तीन सुळके लागले असते. तीन सुळके बांधले असते तर ती उभीच राहिली नसती. मी शाळेत फळ्यासमोर उभी राहून हाच हिशोब करायची आणि पोरं माझ्याकडे बघत बसायची.

नवव्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर आईच्या भावानं, यह्दीहमामानं, शहराबाहेरच्या तळावरून उंटिणीचं दूध पाठवलं. नुकतं काढलेलं, वर फेस, भांडं अजून कोमट. त्याचा वास तंबूत शिरला आणि आईनं डोळे उघडले. कित्येक दिवसांनी तिनं कशाकडे तरी मान वळवली.

"जिवंत आहे," म्हणाली.

"उकळून देते."

"टेकबेर." ती माझ्याकडे बघत राहिली. "मला एकदा जिवंत दे."

मी उकळलं नाही. मी वाडग्यात ओतलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि वाडगा ओठांना लावला. तिनं एक घोट घेतला. फोडांवरून दूध गेलं तशी ती कळवळली, आणि घसा मिटला. दूध गालांवरून ओघळलं. दुसरा घोट. तोही बाहेर.

"जात नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "काठ्या आण."

"कुठल्या काठ्या?"

"तुला माहीत आहे कुठल्या."

"आई, वेड लागलंय का तुला?"

"दुखलं की घसा उघडतो. मी शेकडो पोरींचा उघडलाय. तुझा उघडलाय." तिचा श्वास संपला, तिनं तो पुन्हा गोळा केला. "माझ्याकडून होणार नाही, असं म्हणू नकोस. दुसरं कोण आहे मला? दाब."

काठ्या घरात नव्हत्या. मी तिच्या पायाशी सरकले. ज्या पायांखाली वाळू दबायची ते पाय माझ्या तळहातात मावले. बोटं वाळलेल्या खारकांसारखी. मी दोन बोटं धरली आणि दाबली. तिनं तोंड उघडलं. दुसऱ्या हातानं मी वाडगा कलता केला. घोट गेला. मी पुन्हा दाबली. पुन्हा गेला. माझ्या तोंडून काय येतंय ते मला उशिरा कळलं. मी म्हणत होते, पी गं माझे बाई, पी. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं, आणि ती मान हलवून मला सांगत होती, थांबू नको, चालू दे.

अर्धा वाडगा गेला असेल. मग तिचं सगळं अंग आकसलं आणि दूध परत आलं, चटईवर, माझ्या हातांवर, तिच्या केसांत. त्यात लाल रेघ होती.

ती धापा टाकत पडली. मला वाटलं संपलं. पण तिनं हात पुढं केला आणि वाडगा माझ्याकडे ढकलला.

"तेवढंच पुन्हा," म्हणाली.

आणि मी ओतलं. देवाशप्पथ, मी ओतलं.

सकाळी ती थरथरत होती. अंगाला हात लावला तर चुलीवरच्या भांड्यासारखा चटका बसला. दात वाजत होते, बोलत होती पण मला नव्हे. उंटिणींना हाका मारत होती, नावं घेऊन. मी टॅक्सी आणली. तिला उचलायला मदत लागली नाही. मी एकटीनं उचललं.

इस्पितळात डॉक्टर राकी धावत आली. रक्त घेतलं, ऑक्सिजन लावला, एक बाटली लटकवली. तासाभरानं कागद आला तो वाचून ती पलंगाशी स्टूल ओढून बसली.

"पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच," ती म्हणाली. "कुठूनतरी जंतू गेलाय आत. कच्चं काही दिलं होतं?"

"दूध," मी म्हणाले. एवढं तरी म्हणाले.

तिनं डोळे मिटले, मग उघडले. रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं आईची फाईल उघडली आणि पानं मागं पुढं केली. "पण पेशी एवढ्या पडायला नको होत्या. वजन टिकून होतं. एक्कावन्न, साडेपन्नास. वजन टिकलेल्या माणसाचं अंग असं कोसळत नाही. मला काय दिसत नाहीये?" ती मला विचारत नव्हती, कागदाला विचारत होती. मग नर्सला म्हणाली, "साडेपन्नास धरूनच औषधं काढा. आणि पुढच्या आठवड्यात चौथं..."

आईनं मास्कखाली काहीतरी म्हटलं. डॉक्टर वाकली. आईनं मास्क बोटानं थोडा बाजूला केला.

"पन्नासच्या वर आहे मी अजून," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण त्यात तंबूतल्या मनैनाचा ताठा होता. "आमच्या टेकबेरनं राखलं. मी इतक्या पोरी भरल्या. माझी पोरगी पण शिकली."

नर्स लिहायला लागली.

"थांबा," मी म्हणाले.

डॉक्टर राकीनं वर पाहिलं. आईनंही पाहिलं. माझे पाय पलंगाच्या लोखंडी दांड्याला टेकले होते, तो दांडा थंडगार होता, आणि मी त्यालाच धरून उभी होते.

"ते लिहू नका. ते वजन तिचं नाही. मलहफ्याच्या आत साखर बांधली होती. आधी एक सुळका, मग दोन. पायात चांदी होती. तुम्ही थांबाल म्हणून मी बांधली. तुम्ही थांबून काय करणार होतात ते मी ऐकलंच नाही. घरी काट्यावर रोज बघत होते, आणि तिलाही खोटंच सांगत होते." आईचा हात माझ्या हातात होता, मी तो सोडला नाही, पण तिच्याकडे बघण्याची हिंमत नव्हती, म्हणून मी डॉक्टरच्या हातातल्या पेनाकडे बघत म्हणाले, "त्रेचाळीस. माझी आई त्रेचाळीस किलोची आहे. आई, तू त्रेचाळीस किलोची आहेस."